हूड हेल्मेटवरून की हेल्मेटखालून? गुलमर्ग-औलीला स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी

बर्फवाटा

हिवाळा जवळ आला की गुलमर्गला कोणते कपडे न्यावेत याची विचारपूस सुरू होते. थर्मल, मोजे, हातमोजे यांवर भरपूर बोलून झालंय. जॅकेटच्या हुडाबद्दल मात्र कोणी नीट लिहीत नाही, आणि नवख्यांचं नेमकं तिथेच चुकतं. म्हणून हा वेगळा धागा.

मुद्द्याचं आधी सांगतो. जाड हूड हेल्मेटखाली घालायचं नाही. घालायचं तर हेल्मेटवरून, आणि तेही हेल्मेट आत मावेल एवढं असेल तरच.

हेल्मेटचं सगळं काम आतला फोम डोक्याला सगळीकडून टेकलेला असण्यावर चालतं. हुडाचं कापड आत गेलं की कपाळावर आणि कानामागे घड्या पडतात, हेल्मेट वर उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. मग माणूस हेल्मेटच्या मागचं, माप घट्ट-सैल करायचं चक्र आवळतो. तेवढ्यापुरतं घट्ट वाटतं, पण ते डोक्यावर नाही, घड्यांवर आवळलेलं असतं. पडल्यावर कापड सरकतं आणि हेल्मेट डोक्यावर फिरतं. हुडाला टिचबटणं किंवा नाडीची गाठ असेल तर ती कवटी आणि फोमच्या मधोमध येते. मार लागला की तो सगळा त्या एका ठिपक्यावर बसणार.

दुसरी अडचण आणखी मोठी आहे. हूड जॅकेटला शिवलेलं असतं. ते हेल्मेटखाली दाबलं गेलं की डोकं आणि खांदे एकमेकांना बांधल्यासारखे होतात. मान वळवली की हूड हेल्मेटला उलट्या बाजूला ओढतं. उतारावर मागून कोण येतंय हे बघायला मान वळलीच पाहिजे.

हेल्मेट नीट बसलंय का ते असं बघा: पट्टा लावा, दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून घसरत असेल तर माप चुकलंय किंवा आत काहीतरी जाड आहे. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर हवी.

आता हूड मुळात लागतं कशाला? गुलमर्गचा बाजार सुमारे 2,650 मीटरवर, गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याचं अफरवटचं स्टेशन जवळपास 3,950 मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर वर आठ-साडेआठ अंश जास्त थंडी. खाली उणे 4 असेल तर वर उणे 12. त्यात ताशी 40 किलोमीटरचा वारा धरला की उघड्या कातडीला ती थंडी उणे 23 सारखी लागते. आणि वारा अगदी पडलेला असला तरी तुम्ही स्वतः ताशी 40 ने उतरत असाल तर तोंडावर वारा तेवढाच. हेल्मेट डोकं उबदार ठेवतं. मान, कानाखालचा भाग आणि जबड्याची कड उघडी राहते. हूड तिथे कामाला येतं.

आल्प्सकाठ

छान धागा. खरेदीच्या वेळी काय बघावं ते मी लिहिते.

लेबलवर 'हेल्मेट कंपॅटिबल' लिहिलेलं असतं, पण कोणतं हेल्मेट ते लिहिलेलं नसतं. गिर्यारोहणाच्या जॅकेटचं हूड गिर्यारोहणाच्या हेल्मेटसाठी बेतलेलं असतं. ते हेल्मेट हलकं, कान उघडे, आणि त्यावर गॉगल नाही. स्कीच्या हेल्मेटला कानपट्ट्या असतात, मागे गॉगलची क्लिप असते, वरून गॉगलचा रुंद पट्टा जातो. हिशेब करून बघा: डोक्याचा घेर 57 सेंमी, वर फोम आणि कवच मिळून सगळीकडून अडीच सेंमी वाढले, तर बाहेरचा घेर जवळपास 73 सेंमी होतो. साधं हूड उघड्या डोक्यासाठी किंवा कानटोपीसाठी असतं, ते तिथे पुरणारच नाही. घरून निघण्याआधी शिंप्याच्या टेपने आपल्या हेल्मेटचा घेर गॉगलसकट मोजा आणि कागदावर लिहून न्या. त्याहून बरं म्हणजे हेल्मेट आणि गॉगलच दुकानात न्या.

दुकानात हे करून बघा. हेल्मेट घाला, हनुवटीचा पट्टा लावा, गॉगल चढवा. जॅकेटची चेन छातीपर्यंत लावा. हुडाच्या दोन्ही कडा धरून मागून पुढे ओढा, मग चेन पार वरपर्यंत लावा. हुडामुळे चेन शेवटचे पाच-सहा सेंमी लागत नसेल तर ते हूड तुमच्या हेल्मेटसाठी लहान आहे. "ताणून बसेल" म्हणणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका. चेन लागली की हनुवटी छातीला टेकवा, मग वर छताकडे बघा. वर बघताना हूड हेल्मेटला मागे खेचत असेल, किंवा खाली बघताना जॅकेटची मागची कड कमरेवरून वर येत असेल तर तेही नको. शेवटी गुडघे वाकवून स्कीच्या पवित्र्यात उभं राहा आणि डाव्या-उजव्या खांद्यावरून मागे बघा. हूड हेल्मेटबरोबर वळलं पाहिजे. हेल्मेट आत वळलं आणि हूड जागच्या जागी राहिलं तर डोळ्यासमोर कापडच येईल.

नाड्या किती आहेत तेही बघा. चांगल्या हुडाला दोन प्रकारच्या असतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि डोक्यामागे एक, जी हुडाची खोली कमी-जास्त करते. ती मागची नाडी महत्त्वाची. ती नसेल तर हेल्मेट काढल्यावर तेच हूड डोळ्यांवर येतं. पुढच्या कडेला कडक पट्टी किंवा वाकणारी तार असेल तर उत्तम, वाऱ्यात कड फडफडत नाही.

सह्याद्रीपुत्र

माहितीबद्दल आभार. एक शंका. पावसाळी ट्रेकचं जॅकेट चांगलं वॉटरप्रूफ आहे, तेच गुलमर्गला चालेल का? त्याचं हूड अर्थातच हेल्मेटवर बसत नाही.

बर्फवाटा

@सह्याद्रीपुत्र, खाली गरम थर घातला तर जॅकेट म्हणून चालेल. पण त्याचं हूड तिथे नाही असंच समजा. हेल्मेटखाली पातळ बॅलाक्लाव्हा घाला, म्हणजे आपली माकडटोपीच, फक्त पातळ आणि ताणणाऱ्या कापडाची. वर हेल्मेट, गळ्यात नळीसारखी गळपट्टी, आणि जॅकेटची कॉलर वरपर्यंत. हूड गुंडाळून कॉलरच्या आत सारा. हेल्मेटला सरकपट्टीची छिद्रं असतील तर ती बंद करा. बहुतेक दिवस एवढ्यावर निभतं. लोकरीची विणलेली माकडटोपी मात्र घरीच ठेवा. ती हेल्मेटखाली जाड होते, आणि घाम आला की ओली होऊन गार पडते.

हेल्मेटखाली जे जाईल ते बोटांच्या चिमटीत धरून बघा. दोन बनियनच्या कापडाइतकं असेल तर ठीक. डोक्याच्या मध्यावर शिवण असेल तर टाळा, तासाभरात तीच टोचायला लागते.

धुकं

वर कोणी धुक्याचा विषय काढला नाही. हूड घातल्यावर सगळ्यात आधी त्रास होतो तो गॉगलचा.

स्कीच्या हेल्मेटला पुढच्या कडेवर, गॉगलच्या अगदी वर, बारीक छिद्रं असतात. गॉगलमधली दमट, गरम हवा तिथून वर जाते, हेल्मेटच्या आतल्या खाचांतून मागे सरकते आणि मागच्या छिद्रांतून बाहेर पडते. चुलीच्या धुराड्यासारखं हे चालतं. हूड ओढलं की मागचं तोंड बंद. त्यात कॉलर नाकापर्यंत आली की श्वास थेट गॉगलच्या खालच्या कडेतून आत घुसतो. खालून वाफ येते, वरून निघायला वाट नाही. दोन मिनिटांत काच पांढरी.

उपाय साधे आहेत. हुडाची पुढची कड हेल्मेटच्या कडेमागे एक-दोन सेंमीवर ठेवा, गॉगलच्या वरच्या फोमवर ती येता कामा नये. मागची नाडी शेवटपर्यंत आवळू नका, एक बोट जाईल एवढी ढिली ठेवा. गळपट्टी नाकाखाली ठेवा. नाक झाकायचंच असेल तर गळपट्टी गॉगलच्या फोमखाली खोचू नका, तिची वरची कड गॉगलच्या बाहेर राहू दे. लिफ्टच्या रांगेत उभं असताना, किंवा स्की खांद्यावर घेऊन चढताना, हूड मागे टाका. अंग तेव्हाच जास्त तापतं आणि काच तेव्हाच वाफ धरते.

काच धरलीच तर आतून बोटाने किंवा हातमोज्याने पुसू नका. आतल्या बाजूला वाफ न धरणारा लेप असतो, ओला असताना तो घासला की जातो. गॉगलबरोबर आलेल्या मऊ पिशवीने हलकेच टिपा, किंवा गोंडोलाच्या बंद डब्यात वाळू द्या. गॉगल हेल्मेटवर चढवूनही ठेवू नका. डोक्याची वाफ आणि हेल्मेटवरचा बर्फ दोन्ही आत जातात.

आल्प्सकाठ

@धुकं यांच्याशी पूर्ण सहमत. जोड म्हणून क्रम सांगते, कारण हातमोजे घातल्यावर पुन्हा सगळं काढणं जिकिरीचं होतं. आधी गळपट्टी, मग पातळ टोपी, मग हेल्मेट. हनुवटीचा पट्टा लावून तिथेच ओढून बघा, कारण वरून हूड आलं की पट्टा दिसत नाही, आणि तो उघडा राहिला तरी कळत नाही. मग गॉगल. त्याचा पट्टा हेल्मेटवरून आणि मागच्या क्लिपमध्ये. त्यावरून हूड, शेवटी चेन.

गॉगलचा पट्टा हुडावरून घेणारे बरेच दिसतात. तसं केलं की हुडाची कड गॉगलच्या फोमखाली दाबली जाते, फट राहते आणि तिथून बर्फाची भुकटी आत येते. शिवाय गरम झालं तर गॉगल काढल्याशिवाय हूड काढता येत नाही.

उतारवेडा

इथे माझा थोडा वेगळा सूर. हूड हेल्मेटवरून घेणं बरोबर, पण ते घालून उतरावं का? माझं मत: वादळ नसेल तर नाही. हूड लिफ्टसाठी आणि थांबण्यासाठी. उतरताना मागे.

कारण नजर. गॉगल घातला की कडेचं दिसणं आधीच कमी झालेलं असतं. हुडाची कड त्यात दोन्ही बाजूंनी आणखी खाते. घरीच करून बघा: समोर एका खुणेवर नजर रोखून उभे राहा, दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर बाजूला पसरा, अंगठे वर करून हलवा. हात हळूहळू पुढे आणा. अंगठे कुठे दिसायला लागतात ते आधी नुसत्या गॉगलने बघा, मग हूड घालून. हात जितके पुढे आणावे लागतील तितकी तुमची नजर अरुंद झालेली आहे.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांत पाचवा नियम असा की उतारावर शिरताना, थांबून पुन्हा निघताना किंवा वर चढताना आधी वर आणि खाली बघायचं. हूड घातलेला माणूस नुसती मान वळवतो आणि त्याला स्वतःच्या हुडाची आतली बाजू दिसते. तिसरा नियम मागच्याने पुढच्याला सांभाळायचं असं सांगतो, पण तो पाळायला मागच्याला पुढचा दिसायला हवा ना.

आणि ऐकू येणं. मागून येणाऱ्या स्कीचा घसघस आवाज कानाला कळतो. हूड फडफडायला लागलं की त्या आवाजाखाली सगळं बुडतं.

बर्फवाटा

@उतारवेडा, नजरेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. गर्दीच्या सोप्या उतारांवर, जिथे शिकणारे इकडेतिकडे पडलेले असतात, तिथे हूड खालीच हवं. पण वर अफरवटच्या मोकळ्या उतारावर वारा सुटला, बर्फ आडवा यायला लागला, तर हूड काढून उतरा असं मी कोणालाही सांगणार नाही. उणे 15 तापमान आणि ताशी 50 चा वारा म्हणजे जाणवणारी थंडी उणे 29 च्या आसपास. अशा थंडीत उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. आधी कानाच्या पाळ्या, गाल आणि नाकाचा शेंडा. तिथे पांढरा, मेणासारखा डाग दिसला आणि बोट लावून कळत नसेल तर तेव्हाच आडोशाला जा आणि उघडा तळवा त्यावर धरा. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही.

हूड घालून उतरायची वेळ आली तर वेग कमी, वळणं लहान, आणि बाजूला बघताना मान नाही, खांद्यासकट वरचं अंग वळवायचं. हूड नीट बसलेलं असेल तर ते हेल्मेटबरोबर फिरतं आणि नजर फारशी जात नाही. ढगळ हूड असेल तर @उतारवेडा म्हणतात तेच करा.

उतारवेडा

वादळाचं मान्य. फक्त एक: वारा नसताना निव्वळ सवयीने हूड ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं. आणि ज्यांच्या हेल्मेटच्या कानपट्ट्या कडक कवचाच्या आहेत त्यांनी जास्त जपावं. युरोपच्या ईएन 1077 मानकात अ वर्गाच्या हेल्मेटचं कवच कानांसकट जास्त भाग झाकतं, ब वर्गात कानावर मऊ पट्टी असते. अ वर्गावर हूड म्हणजे कान जवळजवळ बंदच.

नाशिकची आई

नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं आहेत, जानेवारीत गुलमर्गला शिकायला नेतोय. त्यांच्या हुडांचं काय करायचं? सहा वर्षांच्याच्या हुडाला गोंड्याची नाडी आहे.

आल्प्सकाठ

ताई, ती नाडी आजच काढून टाका. कापू नका, पूर्ण ओढून काढा, नाहीतर उरलेलं टोक बाहेर येतं. युरोपच्या ईएन 14682 मानकात 7 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना हुडाजवळ आणि गळ्याजवळ नाडी मुळी चालतच नाही. ती कुठेतरी अडकली तर गळा आवळला जातो. शिकाऊ उतारांवर ओढणाऱ्या लिफ्टा असतात, त्यांच्या दांड्यात लोंबणारं काहीही अडकतं. गोंडा, मफलर, बांधलेल्या हातमोज्यांची दोरी, सगळंच. मफलरऐवजी गळपट्टी.

मुलांचं हूड हेल्मेटखाली घालणं ही आईवडिलांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, कारण थंडी वाजेल ही काळजी. पण मुलांचं डोकं लहान, हेल्मेट त्या मानाने मोठं, आणि हूड आत गेलं की हेल्मेट मागे कलंडतं. कपाळ आणि गॉगल यांच्यामध्ये कातडीची एक उघडी पट्टी दिसायला लागते. ती पट्टी दिसली की समजा काहीतरी चुकलंय. हेल्मेटची कड आणि गॉगलची वरची कड एकमेकांना टेकलेल्या हव्यात, मध्ये फट नको.

शक्य असेल तर मुलांना चेनने किंवा टिचबटणांनी निघणारं हूड घ्या. टिचबटणांचं जास्त बरं, अडकून ओढ बसली तर ते आपलं सुटतं. उतारावर हूड काढून खोलीवरच ठेवा, वर पातळ बॅलाक्लाव्हा आणि गळपट्टी. लहान मूल हूड घालून उतारावर उभं राहिलं तर त्याला बाजूचं काहीच दिसत नाही, आणि मागून दिलेली हाकही ऐकू येत नाही.

इटलीत 2025-26 च्या हंगामापासून उतारावर सगळ्या वयाच्या लोकांना हेल्मेट सक्तीचं आहे. आपल्याकडे सक्ती असो-नसो, मुलांना हेल्मेट हवंच.

नाशिकची आई

खूप आभार. नाडी काढली. गळपट्ट्या दोघांना प्रत्येकी दोन घेते, एक ओली झाली तर दुसरी.

धुकं

दोन घेण्याचा विचार अगदी बरोबर. श्वासाने गळपट्टी ओली होते आणि दुपारपर्यंत पुढून बर्फाच्या पापडासारखी कडक होते. दुसरी आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, म्हणजे घालताना कोमट मिळते.

हेच पाणी चेनवरही बसतं. हूड घालून चेन नाकापर्यंत लावली की श्वासाची वाफ चेनच्या दातांवर गोठते आणि चेन अडते. जोर लावून ओढलं तर दात सुटतात, आणि त्या जॅकेटचा तो हंगाम संपला. उघडा तळवा चेनवर अर्धा-एक मिनिट धरा, बर्फ विरघळला की आपोआप सरकेल. चेनच्या वरच्या टोकाला आतून मऊ कापडाची घडी असलेलं जॅकेट बघा, हनुवटी आणि दाढी त्यात अडकत नाही.

चाकणचा शिंपी

लहान हूड मोठं करून मिळतं का असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितो. करता येतं. हुडाच्या मधोमध, कपाळापासून मानेपर्यंत जी शिवण असते ती उसवून तिथे लांब पट्टी घालायची. वर 73 सेंमीचा हिशेब आलाय. आपल्या हुडाचा घेर मोजा, फरक काढा, त्यात हालचालीसाठी तीन-चार सेंमी मिळवा. पट्टी कपाळाशी आणि मानेशी निमुळती, माथ्यावर सगळ्यात रुंद.

पण वॉटरप्रूफ जॅकेटच्या शिवणीवर आतून गरम करून चिकटवलेली टेप असते. ती उसवली की गेली. नवीन शिवणीच्या सुईच्या छिद्रांतून पाणी येतं, आणि ते नेमकं माथ्यावर. घरच्या इस्त्रीने टेप चिकटवताना ताप जास्त झाला तर आतला पातळ पडदाच वितळतो. चिकटवायचीच तर मध्ये सुती कापड ठेवून, आधी कापलेल्या तुकड्यावर ताप बघून घ्या. कोरड्या थंडीत टेपशिवायही चालून जाईल, ओल्या बर्फात नाही. आणि पट्टी घालूनही मानेशी, जिथे हूड कॉलरला जोडलेलं असतं, तिथली लांबी वाढत नाही. चेन वर लागत नाही ही अडचण बहुतेक तिथूनच येते. त्यामुळे हे काम महाग जॅकेटवर करू नका.

हेल्मेटवरून घालायची वेगळी सुटी हुडं मिळतात, फ्लीसची किंवा वाराबंद कापडाची, जॅकेटला न जोडलेली. शिवून घ्यायला तीही सोपी. मान जॅकेटला बांधली जात नाही हा त्यांचा मोठा फायदा.

सह्याद्रीपुत्र

वा, सुट्या हुडाची कल्पना आवडली. गुलमर्गला भाड्याने जॅकेट मिळतात त्यांचं हूड कसं असतं?

बर्फवाटा

भाड्याच्या जॅकेटवर हुडासाठी विसंबू नका. मापं मोजकीच असतात, बरीच जॅकेट बर्फात खेळायला येणाऱ्या पर्यटकांसाठीची, हूड नुसत्या डोक्याचं. भाड्याने घेतलंच तर आधी हेल्मेट घ्या, ते घालूनच जॅकेट निवडा, उलट नाही. चेन दोनदा वरपर्यंत लावून बघा, नाडीवरचं दाबाचं बटण चालतं का ते हातमोजा घालून बघा. स्प्रिंग गेलेलं बटण नाडी धरत नाही, वाऱ्याच्या पहिल्या झोतात हूड मागे उडतं. भाड्याच्या हेल्मेटखाली स्वतःची पातळ टोपी घालाच, स्वच्छतेसाठीही. हेल्मेटच्या कवचाला तडा किंवा फोममध्ये चेपलेला खड्डा दिसला तर ते परत करा.

उतारवेडा

हूड मागे टाकलेलं असताना काय होतं ते राहिलं. उघडं हूड पाठीवर लोंबत असलं की वेगात त्यात हवा भरते आणि कॉलर गळ्याशी मागे ओढली जाते. शर्यतीच्या कपड्यांना हूडच नसतं. बर्फ पडत असेल तर तेच हूड टोपलीसारखं भरतं, आणि थंडी वाजली म्हणून डोक्यावर ओढलं की मूठभर बर्फ मानेत. म्हणून हूड नुसतं मागे टाकू नका. कड आत घेत मानेकडे दोन-तीन वळशांत घट्ट गुंडाळा आणि कॉलरमागची वेलक्रोची पट्टी असेल तर ती लावा, नसेल तर मागची नाडी ओढून ठेवा. ओढायच्या आधी हूड उलटं करून झटका.

पाठीवर सॅक असेल तर हूड सॅकच्या वर मोकळं राहिलं पाहिजे. सॅकच्या खाली दाबलं गेलं तर गरज पडेल तेव्हा निघत नाही. खुर्चीच्या लिफ्टला, औलीला असो की गुलमर्गला कोंगडोरीच्या (गोंडोलाच्या मधल्या स्टेशनच्या) वर, बसण्याआधी सॅक पुढे घ्या आणि नाड्यांची टोकं आत खोचा. उतरताना खुर्चीच्या पाठीत अडकलेली नाडी माणसाला ओढत नेते.

हेल्मेटवर कॅमेऱ्याचा खुंट असेल तर हूड त्यावरून ओढू नका. कापडात कोपरा निघतो, वाऱ्यात तिथेच ओढ बसते, आणि हेल्मेट एका बाजूला कलतं.

निळी पताका

हेल्मेटमध्ये ती पिवळी सरकती जाळी असते, मिप्स. वरून हूड घातलं तर तिचं काम बिघडतं का?

आल्प्सकाठ

नाही. ती जाळी डोकं आणि फोम यांच्या मध्ये असते, आणि तिरक्या माराला दहा-पंधरा मिलिमीटर सरकते. हूड बाहेर असतं. आत जाड टोपी किंवा हूड कोंबलं तर मात्र तिला सरकायला जागा राहत नाही. केस लांब असतील तर वेणी मानेशी खाली ठेवा, डोक्यावर अंबाडा बांधून हेल्मेट घालू नका. वेणी हुडाच्या आत, जॅकेटच्या बाहेर लोंबती नको. गोठलेली वेणी चेनमध्ये अडकते.

सह्याद्रीपुत्र

शेवटची शंका. संध्याकाळी ओलं हूड कसं वाळवायचं? हॉटेलात बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, असते.

धुकं

बुखारीला चिकटवून नको. आधी बर्फ झटका, खोलीत येण्यापूर्वीच, नाहीतर तो कापडात वितळतो. नाड्या पूर्ण सैल करा, हूड उलटं करून आतली बाजू बाहेर काढा आणि हँगरवर बुखारीपासून हातभर लांब टांगा. हेल्मेटच्या कानपट्ट्या निघत असतील तर काढून वेगळ्या ठेवा. हेल्मेट स्वतः बुखारीजवळ ठेवू नका, फोम उष्णतेने आकसतो. गॉगल पिशवीतून बाहेर काढून, काच वर करून, उघड्यावर. सकाळी निघताना हुडाच्या नाडीवरची बटणं एकदा दाबून बघा. ओली राहिली असतील तर वर गेल्यावर गोठतात, आणि हातमोज्यातून गोठलेलं बटण दाबता येत नाही.